चुकलो म्हणणाऱ्यांचा हिशेब

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीला हळदकुंकू वाहण्याची पद्धत आमच्या घरी अजून आहे. दुकान केव्हाच बंद झाले. वही मात्र दर वर्षी येते. वडिलांचे भुसाराचे दुकान होते तेव्हा ते आम्हा मुलांना एकच धडा देत. जमेची बाजू कोणीही आवडीने लिहितो. माणूस कसा आहे हे पाहायचे असेल तर त्याची नावेची बाजू पाहावी. हा धडा पुढे पुस्तके वाचताना उपयोगी पडेल असे मला त्या वेळी वाटले नव्हते. गेले वर्षभर मी तीन पुस्तके उलटसुलट वाचीत आहे. तिन्ही अमेरिकेतली आहेत, तिन्हींचा विषय एक आहे, आणि तिन्हींमध्ये लेखक कोणत्या ना कोणत्या रीतीने ‘मी चुकलो’ असे म्हणतो. ही कबुली वाचताना वडिलांची वही मला वारंवार आठवली.

पुस्तके दिली माझ्या भाचीने. ती उत्तर कॅरोलायनात शार्लट गावी राहते. काही वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेलो असताना तिने एका दुपारी मला गाडीतून राज्याच्या सीमेपलीकडे फोर्ट मिल येथे नेले. झाडीच्या वर डोके काढून एक एकवीस मजली इमारत उभी होती. रंग उडालेला, काम अर्धवट टाकलेले. मला वाटले, कोणा बिल्डरचे दिवाळे निघाले असेल. भाची म्हणाली, “मामा, हे देवाच्या नावावर बांधायला घेतलं होतं.”

या जागेचे नाव हेरिटेज यूएसए. जिम बेकर नावाच्या दूरदर्शनवरील उपदेशकाने 1978 साली ती उघडली. प्रार्थनामंदिर, हॉटेल, दुकाने, पाण्याचे खेळ असे सर्व काही तिथे होते, आणि ऐन भरात वर्षाला लाखो लोक तिथे येत. बेकर ज्या मताचे होते त्याला इंग्रजीत ‘प्रॉस्पेरिटी गॉस्पेल’ म्हणतात. आपण त्याला समृद्धीची सुवार्ता म्हणू. हे मत थोडक्यात असे : श्रद्धावंताला आरोग्य आणि संपत्ती देण्याचे देवाने वचन दिले आहे. त्या वचनावर तोंडाने हक्क सांगायचा, मनात शंका येऊ द्यायची नाही, आणि श्रद्धेचे ‘बी’ म्हणून उपदेशकाच्या हाती पैसा द्यायचा. पीक शतपटीने येते. आले नाही तर दोष बियाण्याचा नव्हे, शेतकऱ्याच्या श्रद्धेचा.

हे मत म्हणजे ख्रिस्ती धर्म नव्हे. अनेक ख्रिस्ती पंथांनी आणि पंडितांनी त्याला कडाडून विरोध केला आहे. त्याची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत फोफावलेल्या ‘न्यू थॉट’ या विचारात आहेत. मनातला विचार आणि तोंडचा शब्द प्रत्यक्ष सृष्टी बदलतो, असे मानणारा तो विचार. एसेक विल्यम केनियन या उपदेशकाने त्याला बायबलची भाषा दिली, केनेथ हेगिन यांनी त्याचा पंथ केला, आणि ओरल रॉबर्ट्स यांनी ‘बी पेरण्या’ची कल्पना घरोघर नेली. याच रॉबर्ट्सनी 1987 मध्ये जाहीर केले होते, की 80 लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला उचलून नेईल. पैसे जमले. त्यांत 13 लाख डॉलर कुत्र्यांच्या शर्यती चालविणाऱ्या एका गृहस्थाचे होते. देवाने त्यांना पुढे बावीस वर्षे उचलले नाही.

आता पुस्तकांकडे वळू. पहिले बेकर यांचे ‘आय वॉज राँग’, म्हणजे ‘मी चुकलो’. ते 1996 साली निघाले. त्याआधीची हकीकत अशी. बेकर भक्तांना सांगत, हजार डॉलर द्या आणि जन्मभर दर वर्षी तीन रात्री आमच्या हॉटेलात राहा. खोल्या मोजक्या आणि सभासद हजारोंनी. पैसा मात्र जुनी देणी आणि उपदेशकाचा थाट यांत जात राहिला. 1987 मध्ये एका लाजिरवाण्या प्रकरणातून बेकर पायउतार झाले. 1989 मध्ये न्यायालयाने त्यांना 24 आरोपांवर दोषी ठरवले. शिक्षा झाली 45 वर्षांची. अपिलानंतर ती बरीच कमी झाली आणि 1994 मध्ये ते सुटले. सरकारने मांडलेल्या फसवणुकीचा आकडा 15 कोटी 80 लाख डॉलरांचा होता.

सहाशेहून अधिक पानांच्या या ग्रंथात वाचनीय भाग पुष्कळ आहे. तुरुंगात संडास धुणारे बेकर, त्यांना भेटायला आलेले वृद्ध बिली ग्रॅहॅम, मोडलेला संसार ही पाने मन हेलावून सोडतात. विचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग मात्र निराळा आहे. तुरुंगात बेकर यांना प्रथमच बायबल सावकाश वाचायला सवड मिळाली. ज्या वचनावर आपण वर्षानुवर्षे भरभराटीचा इमला चढवला ते योहानाच्या तिसऱ्या पत्रातले दुसरे वचन त्यांनी मूळ शब्दाच्या अर्थासह तपासले, आणि त्या शब्दात पैशाचा नव्हे तर प्रवास सुखाचा होवो असा भाव आहे, हे त्यांना उमगले. आपल्याकडे जुन्या पत्रांत आरंभी ‘क्षेम’ असे आणि कळवा-कळवी चाले, तशातलाच हा मजकूर. पत्राच्या मायन्यावरून कोणी वारसाहक्क सांगावा, तसे हे झाले होते! एका माणसाने आपल्या धंद्याचा पाया स्वतःच्या हातांनी उकरून दाखवला, याचे श्रेय बेकर यांना दिलेच पाहिजे.

पण मी नावेची बाजू शोधीत होतो. हजार डॉलर देणारी माणसे कोण होती? त्यांतले कित्येक निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध होते. या पुस्तकात त्यांची क्षमा मागितली आहे, नाही असे नाही. पण ती माणसे दिसत नाहीत. दिसतो तो सर्वत्र पश्चात्ताप करणारा नायक. वैभव त्याचे, पतन त्याचे, तुरुंग त्याचा आणि साक्षात्कारही त्याचाच. ज्याला पूर्वी व्यासपीठाचा मध्य सोडवत नव्हता, त्याला पश्चात्तापातही तो सोडवलेला नाही. हा दोष लेखनाचा आहे की स्वभावाचा, हे मी ठरवीत नाही. पुढची हकीकत एवढी की 2003 मध्ये बेकर पुन्हा दूरदर्शनवर आले. संकटकाळासाठी साठवणीच्या अन्नाच्या बादल्या विकू लागले. 2020 मध्ये, त्यांच्या कार्यक्रमात चांदीचे एक द्रावण कोरोनावर गुणकारी म्हणून विकले जाते, असा आरोप ठेवून मिसुरी राज्याने त्यांच्यावर दावा लावला. पुढल्या वर्षी, दोष कबूल न करता, गिऱ्हाइकांना सुमारे 1 लाख 56 हजार डॉलर परत देण्याच्या बोलीवर तो मिटला.

दुसरे पुस्तक पुतण्याचे आहे. बेनी हिन यांचे नाव आपल्याकडेही अपरिचित नाही. 2004 मध्ये मुंबईत त्यांची प्रचंड सभा झाली होती. त्यांचे पुतणे कॉस्टी हिन यांनी 2019 मध्ये ‘गॉड, ग्रीड अँड द प्रॉस्पेरिटी गॉस्पेल’ हे पुस्तक लिहिले. हे खऱ्या अर्थाने घराबाहेर पडणाऱ्याचे पुस्तक आहे. तरुण कॉस्टी काकांच्या सभांत मागे उभे राहून, काकांनी हात लावताच कोसळणाऱ्या भक्तांना झेलीत असत. खासगी विमान होते, उंची कपडे होते, दुबईच्या बुर्ज अल् अरबमधल्या शाही दालनात मुक्काम होता. एका रात्रीचे भाडे 25 हजार डॉलर.

त्यांचे डोळे उघडले तो प्रसंग मला पुस्तकातला सर्वांत मोलाचा वाटतो. दुसऱ्या एका मंडळीत नोकरीला असताना त्यांच्या वाट्याला योहानाच्या पाचव्या अध्यायावर प्रवचन करण्याची पाळी आली. बेथेस्दाच्या तळ्याची ती कथा. काठच्या पडव्यांत आंधळे, पांगळे, रोगी यांची दाटी आहे. अडतीस वर्षे पडून असलेल्या एका माणसाला येशू बरे करतो. कॉस्टींनी भाष्य उघडले आणि ते थबकले. इतक्या रोग्यांतून येशूने एकाच माणसाला बरे केले. आणि त्या माणसाला आपल्याला कोणी बरे केले हेदेखील ठाऊक नव्हते! मग त्याची श्रद्धा कोठे होती? त्याने बी कोणते पेरले होते? लहानपणापासून शिकवलेले सारे गणित या एका कथेत चुकत होते. ते रडले, असे ते लिहितात.

येथे कॉस्टी बेकर यांच्या पुढे जातात. त्यांनी काकांना उघडपणे प्रश्न विचारले, आणि आपल्या समाजात काय किंवा त्यांच्या समाजात काय, काकांना प्रश्न विचारणे सोपे नसते. घर तुटले, सणावारी बोलावणी थांबली, ते दुःख त्यांनी आक्रस्ताळेपणा न करता सांगितले आहे. माझी तक्रार एवढीच, की पुस्तकाचा उत्तरार्ध खोट्या सिद्धांताच्या जागी खरा सिद्धांत बसवण्यात जातो. पाठशाळेत ते ठीक. पण चाकाच्या खुर्चीत बसून सभेला आलेला आणि त्याच खुर्चीत बसून परत गेलेला माणूस त्या उत्तरार्धात मला पुन्हा भेटावा, असे वाटत राहिले.

या कबुल्यांची अलीकडे साथच आली आहे. 2000 साली वृद्ध केनेथ हेगिन यांनी स्वतःच आपल्या शिष्यांच्या अतिरेकाविरुद्ध इशारा देणारे पुस्तक लिहिले. 2019 च्या सप्टेंबरमध्ये खुद्द बेनी हिन म्हणाले, की सुवार्ता विकाऊ नाही. अमुक डॉलरांचे बी पेरा असे मी यापुढे सांगणार नाही. 2022 च्या जूनमध्ये क्रेफ्लो डॉलर यांनी (हे आडनाव खरे आहे, मी बनवलेले नाही!) दशांशावरची आपली शिकवण चुकीची होती असे सांगून, त्या विषयावरची माझी पुस्तके फेकून द्या, असे भक्तांना बजावले. हेच डॉलर 2015 मध्ये साडेसहा कोटी डॉलरांचे विमान घ्यायला निघाले होते. पुस्तके फेकून द्या, हे ठीक झाले. पण पुस्तके वाचून दिलेल्या पैशाचे काय, हा प्रश्न उरतोच. तो विचारण्याची सोयही तेथे फारशी नाही. अमेरिकेत इतर धर्मादाय संस्थांना दर वर्षी सरकारात हिशेब द्यावा लागतो. चर्चला त्यातून सूट आहे. 2007 मध्ये सिनेटर ग्रासली यांनी अशा सहा उपदेशकांकडे हिशेब मागितला. 2011 मध्ये अहवाल निघाला. दंड कोणालाच झाला नाही.

तिसरे पुस्तक वेगळ्या हाताचे आहे. केट बोलर या ड्यूक विद्यापीठात धर्मेतिहास शिकवतात. या पंथाचा इतिहास त्यांनी 2013 मध्ये ‘ब्लेस्ड’ या ग्रंथात लिहिला. त्यासाठी त्या वर्षानुवर्षे या मंडळ्यांत जाऊन बसल्या, भक्तांशी बोलल्या. त्या स्वतः कॅनडातल्या मॅनिटोबाच्या, साधी राहणी हे व्रत मानणाऱ्या मेनोनाइट लोकांत वाढलेल्या. त्या लोकांतल्याही एका मंडळीने आपल्या पाळकाला मोटारसायकल भेट दिली, हे पाहून त्यांचे कुतूहल जागे झाले. ग्रंथ निघाला, नाव झाले. घरी लहान मुलगा. आणि 2015 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना आतड्याचा चौथ्या पायरीचा कर्करोग निघाला.

‘एव्हरीथिंग हॅपन्स फॉर अ रीझन’ हे त्यांचे 2018 चे पुस्तक या आजारातून आले. पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘प्रत्येक गोष्टीला काही कारण असते’. आणि पोटमथळ्यात बाई सांगून टाकतात, की हे मला प्रिय असलेले एक खोटे आहे. बोलर यांना पंथ सोडायचा नव्हता, कारण त्या पंथात कधी नव्हत्याच. तरीही मी हे पुस्तक ‘चुकलो’ म्हणणाऱ्यांत धरतो. आजारपणात त्यांना कळून चुकले, की ज्या मताचा आपण अभ्यास करीत होतो ते आपल्याही रक्तात होते. कष्ट केले, नीट वागलो, म्हणजे आयुष्य आपल्याला देणे लागते, अशी त्यांची मनोमन समजूत होती. भेटायला येणारे, पत्रे लिहिणारे सारे जण त्यांना त्यांच्या दुखण्याचे कारण समजावून देऊ लागले. कोणी पापाचे, कोणी आहाराचे, कोणी देवाच्या योजनेचे. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी दोन याद्या दिल्या आहेत : दुःखी माणसाला काय म्हणू नये, आणि काय म्हणावे. या याद्या विनोदी आहेत, आणि विनोदाने वाचल्या तरी घशाशी येतात.

बोलर एका बाबतीत बाकीच्या दोघांपेक्षा श्रेष्ठ ठरतात. त्या भक्तांची टर उडवीत नाहीत. नोकरी गेलेल्या, घर गहाण पडलेल्या, मूल आजारी असलेल्या माणसाला कोणी ‘तुझे दिवस पालटतील’ असे म्हटले तर तो त्याच्याकडे का जातो, हे त्या प्रेमाने समजावून सांगतात. आणि मग तितक्याच शांतपणे दाखवतात, की या मताचे खरे क्रौर्य विमानात नाही. विमाने हा नुसता दिखाऊ भाग. क्रौर्य आहे ते आजाऱ्याच्या खाटेजवळ. जो बरा होत नाही तो नापास. तो मरतो तेव्हा त्याच्या माणसांना दुःखाबरोबर शरमही गिळावी लागते. नावेची बाजू मला या पुस्तकात सापडली.

येथपर्यंत वाचून वाचक म्हणतील, बरे झाले, असले आपल्याकडे नाही. मीही तसेच म्हणणार होतो. पण भाचीने तिसरे पुस्तक पाठवताना एका पानावर पेन्सिलीने रेघ मारून शेजारी दोनच शब्द लिहिले होते : “सोळा सोमवार.”

भाची ही माझ्या आक्काची मुलगी. तिच्या पाठचा भाऊ 1974 मध्ये, सहा वर्षांचा असताना, घटसर्पाने गेला. आक्काचे तेव्हा सोळा सोमवारांचे व्रत चालू होते. चौदा झाले होते. पंधराव्या सोमवारी ती इस्पितळात मुलाच्या उशाशी होती, व्रत राहिले. तेराव्यानंतर आमची आई माजघरात म्हणाली, “व्रत मध्येच मोडलं. दुसरं काय होणार?” आईचे नातवावर फार प्रेम होते. ती दुष्टपणाने बोलली नाही; तिला कारण हवे होते. आक्का मान खाली घालून बसली. मी तेथेच, दारात उभा होतो. तेवीस-चोविसाचा, शिकलेला. मी बोललो नाही.

सत्यनारायणाची पोथी आपण सर्वांनी ऐकली आहे. साधुवाणी पूजा पुढे ढकलतो आणि बंदीखान्यात पडतो. कलावती प्रसाद टाकून धावते आणि नौका बुडते. कथा म्हणून ती रंजक आहे, आणि शिऱ्याचा प्रसाद तर मला आजही प्रिय आहे. पण खऱ्या घरात, खऱ्या मुलाच्या बाबतीत, तीच कथा आपण कारण म्हणून वापरतो तेव्हा आपल्यात आणि ओरल रॉबर्ट्समध्ये अंतर किती उरते? त्यांनी पैसे तरी घेतले म्हणून त्यांना पकडता येते. आपण फुकट करतो.

आपल्याकडे याचा उतारा नव्हता असे मुळीच नाही. तुकोबांच्या घरी दुष्काळ आला, बायको गेली, दिवाळे निघाले. त्यांनी वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडल्याची कथा आपण सांगतो. विठ्ठलाने व्याजासह वसुली करून दिल्याची नव्हे. आणि ख्रिस्ती धर्माच्याच घरचे उदाहरण हवे असेल तर केडगावला जावे. 1905 मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात जी मोठी धर्मजागृती झाली, तिचा उल्लेख पेंटेकोस्टल पंथाचे इतिहासकार आवर्जून करतात. समृद्धीची सुवार्ता पुढे ज्या अमेरिकन वृक्षाला बांडगुळासारखी चिकटली, त्याचे एक मूळ असे आपल्या दौंड तालुक्याच्या मातीत आहे. पण रमाबाईंचा हिशेब पाहा. आईबाप दुष्काळात गेले. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले, 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा गेली, आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः. या सुवार्तेच्या गणिताने पाहिले तर या बाईची श्रद्धा कच्ची म्हणावी लागेल! दुष्काळातून मुली गोळा करून आणताना रमाबाईंनी त्यांतल्या कोणाला विचारले नसेल, की बाई, तू काय चुकलीस म्हणून उपाशी राहिलीस?

म्हणून या तीन पुस्तकांचा माझा निकाल मी असा देतो. बेकर यांचे पुस्तक इतिहासासाठी वाचावे. कॉस्टी हिन यांचे, घरच्या थोरांना प्रश्न विचारण्याचे धैर्य कसे येते हे पाहण्यासाठी वाचावे. बोलर यांचे मात्र घरात ठेवावे. ‘मी चुकलो’ हे वाक्य देवाजवळ बोलणे सोपे आहे, दूरदर्शनवर बोलणे त्याहून सोपे. ज्याच्या नावावर ते देणे आहे त्याच्याजवळ जाऊन बोलणे, एवढेच कठीण.

गेल्या भाऊबिजेला मी आक्काकडे गेलो होतो. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. ओवाळून झाल्यावर तिने ताट खाली ठेवले, तेव्हा मी म्हणालो, “आक्का, आई तसं बोलली तेव्हा मी बोलायला हवं होतं.” कोणत्या बोलण्याविषयी, हे तिला विचारावे लागले नाही. पन्नास वर्षे तिच्या वहीत ती रक्कम मांडलेलीच होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “उद्यापनाच्या चूर्म्यासाठी गहू निवडून ठेवले होते रे मी. दोन सोमवार तर राहिले होते.” मग तिने माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली, आणि मी ती नको न म्हणता खाल्ली.